कोळशाच्या खाणीतला डबा

१९९५ च्या सप्टेंबरात रूममेट मला अक्षरशः ओढून लेन स्टेडियमवर घेऊन गेला. सांगलीहून ब्लॅक्सबर्गला, व्हर्जिनिया टेकमध्ये सिव्हिलचं एम.एस. करायला येऊन मला वर्ष झालं होतं आणि अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना, एवढं त्याने चालता चालता समजावलं. सामना मायामीशी होता. टेकने मायामीला तोपर्यंत एकदाही हरवलेलं नव्हतं. त्या दिवशी १३-७ असं हरवलं, आणि माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ टोपी तोंडावर धरून रडले.

सगळ्यांचे डोळे चेंडूवर होते. माझे पुन्हा पुन्हा जात होते ते अडवणाऱ्यांकडे. कॉलेजात मी कबड्डी खेळायचो, उजवा कोपरा. चढाईला आलेल्याचा पाय कधी उचलला जातो आणि त्या क्षणी शेजाऱ्याचा हात सोडायचा की घट्ट धरायचा, हे अंगात मुरलेलं होतं. इथे अंगावर पॅड होते, डोक्यावर हेल्मेट होतं, माणसं आडदांड होती. पण अकरा जणांची ती साखळी मला लगेच ओळखू आली. त्या साखळीचे वस्ताद होते बड फॉस्टर.

फॉस्टर १९८७ साली ब्लॅक्सबर्गला आले आणि २०१९ चा हंगाम करून थांबले. ३३ हंगाम, एकच कॉलेज, आणि काम एकच: समोरच्याला पुढे येऊ न देणं. मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. स्टँडमधून पाहिलं, स्थानिक पेपरात वाचलं, गाडी चालवताना रेडिओवर ऐकलं. माझी नोकरी पुलांच्या तपासणीची. ती करताना जे शिकलो, त्यातलं बरंचसं या माणसाकडे बघून शिकलो. आता माझीही निवृत्ती जवळ आली आहे, म्हणून लिहून ठेवतो.

१. डबा रोज उचलावा लागतो

१९९५ सालीच फॉस्टर यांच्याकडे बचावाची सूत्रं आली, तीही अर्धी. दुसरा अर्धा वाटा रॉड शार्पलेस या सहकाऱ्याचा होता. या शार्पलेस यांच्या सासूबाईंनी न्यू जर्सीतून एक जुना डबा मिळवून दिला. कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या कामगाराचा, पत्र्याचा, पोचे आलेला, गंज चढलेला. दोघांनी तो संघासमोर ठेवला आणि सांगितलं, आपण असे खेळणार. पुढे देशभर त्या बचावाचं नावच ‘लंच पेल डिफेन्स’ पडलं.

त्या डब्यात काय असायचं, तर संपूर्ण बचावफळीने मिळून लिहिलेला संकल्प आणि त्याखाली प्रत्येकाची सही. प्रत्येक सामन्याची उद्दिष्टं. परक्या मैदानावर मोठा विजय मिळाला की तिथल्या हिरवळीचा तुकडा. आणि डबा हातात कोणाच्या, तर ज्याने घाम गाळून तो मिळवला त्याच्या. व्हर्जिनियाचा हा नैर्ऋत्य कोपरा डोंगरांचा आणि कोळशाचा. इथल्या कितीतरी घरांतले आजोबा असाच डबा घेऊन जमिनीखाली गेलेले. लोकांना तो डबा समजावून सांगावा लागला नाही.

मलाही लागला नाही. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. हंगामात तीन पाळ्या. त्यांचा ॲल्युमिनियमचा तीन पुडांचा डबा, झाकणावर खिळ्याने ठिपके मारून नाव घातलेलं, कारण तिथे सगळ्यांचे डबे सारखेच. एका बाजूला कडी वाकलेली होती; ती बसवताना वडील अंगठ्याने दाबून एक विशिष्ट झटका द्यायचे आणि ‘टक’ असा आवाज यायचा. रात्रपाळीला निघताना तो आवाज अंथरुणात ऐकू आला की मी झोपायचो. ते गेल्यावर घरातल्या वस्तूंपैकी मी तेवढा डबा मागून घेतला. आज तो इथे, व्हर्जिनियातल्या रोनोकला, माझ्या टेबलावर आहे. वरच्या पुडात खडू, मधल्यात चिरांची रुंदी मोजायची पट्टी आणि भिंग, खालच्यात टॉर्च. हातोडी मावत नाही, ती शेजारी असते.

फॉस्टर यांच्या डब्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे त्या सह्या. गंजका पत्रा कोणीही आणून ठेवेल. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं की ते वचन त्याचं होतं. माझ्या टीममध्ये मी तेच सुरू केलं. अहवाल कॉम्प्युटरवर होतो, पण जागेवरच्या वहीत ज्याने जो खांब, जो गर्डर स्वतः पाहिला त्याने त्या ओळीपुढे पेनाने सही करायची. पाऊस असो, बर्फ असो. सुरुवातीला कुरकुर झाली. आता नवीन मुलंच जुन्यांना आठवण करतात.

२. आपली फट सोडायची नाही

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघताना वाटतं, सगळे चेंडू असलेल्याच्या अंगावर धावतात. तसं नसतं. समोरच्या आक्रमकांच्या रांगेत दोन-दोन माणसांमध्ये फटी असतात आणि बचावातल्या प्रत्येकाला एकेक फट नेमून दिलेली असते. चेंडू डावीकडे चाललेला दिसतोय, तुमची फट उजवीकडे आहे, तरी आधी तुमची फट बंद करायची. मोह अनावर होतो. मोठी पकड करावी, आपलं नाव पुकारलं जावं, असं कोणाला वाटत नाही? पण तुम्ही हललात की धावणारा वळतो आणि नेमका तुम्ही सोडलेल्या जागेतून निघून जातो. कबड्डीत उतावळ्या कोपऱ्यामुळे अख्खी साखळी बाद होताना ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं मला ठाऊक असूनही मी एकदा माझी फट सोडली. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका ओढ्यावरचा लोखंडी गर्डरांचा पूल. पलीकडच्या टोकाला सहकाऱ्याला खांबाच्या पायाखाली माती वाहून गेलेली सापडली. तिकडे धावपळ, फोटो, फोनाफोनी. मीही तिकडे गेलो. माझ्या टोकाचा एक जोड बघायचा राहिला होता; संध्याकाळी मागचा अहवाल उघडून त्या ओळीत ‘बदल नाही’ असं लिहून टाकलं. दोन वर्षांनी दुसऱ्या तपासनिसाला त्याच जोडाच्या वेल्डिंगमध्ये चीर सापडली. चिरेच्या आत जुना गंज होता. म्हणजे मी गेलो तेव्हाही ती तिथे असणार. पूल बंद ठेवून दुरुस्त केला, कोणाला इजा झाली नाही. पण त्या पुलावरून शाळेची बस जायची.

दर दोन वर्षांनी पूल तपासायचा हा नियम या देशात आला तो १९६७ च्या एका अपघातानंतर. वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंटचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबरला, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत ओहायो नदीत कोसळला. ४६ माणसं गेली. कारण निघालं एका लोखंडी दुव्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. एवढ्याशा चिरेवर आमचा सगळा धंदा उभा आहे, आणि मी ‘बदल नाही’ लिहिलं होतं. त्या जोडाचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

३. पडत्या वर्षात पाय काढू नये

१९९२ साली टेकचा संघ अकरापैकी दोन सामने जिंकला, आठ हरला, एक बरोबरीत सुटला. मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांची खुर्ची डळमळली, काही सहायकांना जावं लागलं. फॉस्टर मूळचे बीमर यांचेच. केंटकीतल्या मरे स्टेटमध्ये ते बीमर यांच्या हाताखाली खेळले, तिथेच शिकवायला लागले आणि त्यांच्याबरोबरच इकडे आले. १९९३ मध्ये बचावाची सूत्रं बाहेरून आलेल्या माणसाकडे गेली. फॉस्टर आपल्या लाइनबॅकरांना, म्हणजे मधल्या फळीतल्या बचावपटूंना, शिकवत राहिले. येऊन आठ हंगाम झाल्यावर त्यांची पाळी आली, आणि ते पहिलंच वर्ष सलग दोन पराभवांनी सुरू झालं. तिसरा सामना म्हणजे मी पाहिलेला तो मायामीचा. तिथून सलग दहा जिंकले. वर्षअखेरीला शुगर बोल या मोठ्या सामन्यात टेक्ससला २८-१० असं हरवलं.

मला त्या आठ वर्षांबद्दल जास्त आदर आहे.

४. अठ्ठावन्न मिनिटं कोणाच्या लक्षात राहत नाहीत

२५ ऑक्टोबर २००७, गुरुवारची रात्र, पाऊस. बॉस्टन कॉलेज देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, मॅट रायन पुढे बरीच वर्षं व्यावसायिक फुटबॉल गाजवणार होता. फॉस्टर यांच्या पोरांनी त्याला जवळजवळ पूर्ण सामना शून्यावर ठेवलं. टेक १०-० पुढे. शेवटच्या सव्वादोन मिनिटांत रायनने दोन टचडाउन केले, दुसरा ११ सेकंद उरलेले असताना. १४-१०. आम्ही भिजलेले, हजारोंच्या संख्येने, कोणी कोणाशी न बोलता पार्किंगपर्यंत चालत गेलो.

अडवणाऱ्याच्या कामाचा हा स्वभावच आहे. गोल करणाऱ्याचे दहा नेम चुकले आणि एक लागला तर त्याचा फोटो छापून येतो. अडवणाऱ्याचे शंभर बरोबर आले आणि एक चुकला तर तेवढाच दिसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसकट. मला सांगलीहून चुलतभावाचा फोन आला, “दादा, तुझं काम हेच ना रे?” मी हो म्हणालो आणि पुढे बराच वेळ काही बोललो नाही. त्या पुलावरून कित्येक दशकं गाड्या सुखरूप गेल्या. त्याची बातमी एकाही दिवशी झाली नव्हती, व्हायचं कारणही नव्हतं.

२००७ च्या त्या पावसाळी रात्रीनंतर पाच आठवड्यांनी, १ डिसेंबरला, जॅक्सनव्हिलमध्ये विभागीय अजिंक्यपदासाठी टेक पुन्हा बॉस्टन कॉलेजसमोर उभं राहिलं. तोच रायन. या वेळी ३०-१६, आणि शेवटाकडे झेवियर ॲडिबी या लाइनबॅकरने रायनचाच पास मध्ये पकडून टचडाउनपर्यंत नेला. अडवणारे मागचा सामना विसरत नाहीत. तो गळ्यात बांधून घेऊन फिरतही नाहीत. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते मला अजून पुरतं साधलेलं नाही.

५. वाट बघत बसणं म्हणजे अडवणं नव्हे

६ सप्टेंबर २०१४. ओहायो स्टेटच्या मैदानात, लाखाहून जास्त लोकांसमोर. यजमानांचा नेहमीचा क्वार्टरबॅक जखमी, त्याच्या जागी जे. टी. बॅरेट हा नवखा मुलगा दुसऱ्यांदाच सुरुवातीपासून उतरणारा. फॉस्टर यांनी ‘बेअर’ नावाची जुनी रचना बाहेर काढली. मधल्या तिघा आक्रमकांच्या अगदी नाकासमोर माणसं उभी करायची, आठ जण पुढच्या रांगेजवळ दाटीने आणायचे, धावायला जागाच ठेवायची नाही. याची किंमत मागे मोजावी लागते: कडेच्या कॉर्नरबॅकला समोरच्या खेळाडूशी एकट्याने झुंजावं लागतं, चुकला तर मागे कोणी नाही. फॉस्टर यांनी आपल्या पोरांवर तेवढा भरवसा टाकला.

बॅरेटला सात वेळा चेंडूसकट पाडलं. चौथ्या सत्रात २१-२१ अशी बरोबरी झाली तरी रचना बदलली नाही. शेवटी डॉनोव्हन रायली याने त्याचा पास पकडून ६३ यार्ड धाव घेतली आणि सामना ३५-२१ असा संपला. ओहायो स्टेट त्या मोसमात पुन्हा हरलं नाही; राष्ट्रीय विजेते झाले. त्यांना हरवणारा संघ एकच.

माझ्या धंद्यात याचा अर्थ साधा आहे. दोन वर्षांची मुदत भरायची वाट बघू नका. पूर येऊन गेला, अवजड ट्रकांची वाहतूक अचानक वाढली, जवळ खाण सुरू झाली, की आपण होऊन जाऊन बघा. परवानगी मागताना दरवेळी कोणीतरी खर्चाचा हिशेब पुढे करतं. मागत राहायचं.

६. दुसऱ्या खुर्चीत आयुष्य काढता येतं

२००५ आणि २००६, दोन्ही वर्षी फॉस्टर यांच्या बचावाने देशात सगळ्यात कमी यार्ड दिले. २००६ मध्ये त्यांना सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला. लोक धरून चालले होते की आता हा माणूस कुठेतरी मुख्य प्रशिक्षक होणार. ते कधीच झाले नाहीत. २०१५ नंतर बीमर निवृत्त झाले तेव्हा ती जागा जस्टिन फ्युएंटे यांना मिळाली, बाहेरून आलेले, वयाने बरेच लहान. फ्युएंटे यांनी थांबा म्हटलं आणि फॉस्टर थांबले.

मलाही एकदा डावललं गेलं. माझ्याहून सात वर्षांनी लहान माणूस वर बसला. त्या आठवड्यात मी राजीनाम्याचं पत्र लिहून गाडीत ठेवलं होतं. बायकोने विचारलं, “तुला पुलाखाली जायला आवडतं की मीटिंगमध्ये?” उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. पत्र फाडलं. कडवटपणा जायला मात्र वर्ष-दीड वर्ष गेलं. बाहेरून बघणाऱ्याला फॉस्टर यांच्या मनातलं काय कळणार. पण त्यांच्या पोरांच्या खेळात कडवटपणा उतरलेला मला कधी दिसला नाही.

७. काही दिवशी नुसतं मैदानात उतरणं पुरतं

१६ एप्रिल २००७ ला आमच्या कॅम्पसवर ३२ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यातले ३० नॉरिस हॉलमध्ये, जिथून मी शिकत असताना रोज ये-जा केली. मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी त्यात होती. १ सप्टेंबरला मोसमाचा पहिला सामना झाला, त्याआधी ३२ केशरी फुगे आकाशात सोडले. फुगे दिसेनासे होईपर्यंत साठ-पासष्ट हजार माणसं मान वर करून उभी होती. मग अकरा पोरं मैदानात गेली आणि रांगेत उभी राहिली. १७-७ जिंकले. आकडा मी नंतर पेपरात वाचला.

८. कधी थांबायचं ते स्वतः ठरवावं

२०१८ चं वर्ष वाईट गेलं. सांभाळून घेणारे अनुभवी खेळाडू निघून गेले होते. ट्रेमेन आणि टेरेल हे एडमंड्स बंधू तर दोघेही त्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतले गेले. मागे उरली कोवळी पोरं. सप्टेंबरात ओल्ड डोमिनियनने, ज्यांना कोणी खिजगणतीत धरलं नव्हतं, ४९-३५ असं हरवलं आणि ६३२ यार्ड काढले. नोव्हेंबरात पिट्सबर्गने नुसतं धावून ४९२ यार्ड काढले. धावून! ज्या बचावाचा धाव रोखण्यावर पंचवीस वर्षं अभिमान होता, त्याच्या मधोमध भगदाड. स्टँडमध्ये माझ्या मागे बसणारा एक जण म्हणाला, म्हाताऱ्याचं झालं आता. मी वळून त्याच्याकडे बघितलं, पण बोलण्यासारखं माझ्याकडेही काही नव्हतं.

१ ऑगस्ट २०१९ ला फॉस्टर यांनी जाहीर केलं की हा मोसम शेवटचा. साठी नुकतीच झाली होती. जाहीर करून काम सोडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबरअखेर ड्यूकने घरच्या मैदानात ४५-१० असं तुडवलं, तेव्हाही नाही. मग नोव्हेंबर आला. अटलांटात जॉर्जिया टेकवर ४५-०. पुढच्या शनिवारी, २३ नोव्हेंबरला, फॉस्टर यांचा घरचा शेवटचा सामना. समोर तोच पिट्सबर्ग संघ, आदल्या वर्षी ४९२ यार्ड धावलेला.

मी मुलाला घेऊन गेलो होतो. ‘एंटर सँडमन’ हे गाणं वाजलं, सगळं स्टेडियम नेहमीसारखं उड्या मारायला लागलं; पायाखालचं काँक्रीट थरथरतं ते माझ्यातल्या इंजिनिअरला दरवेळी जाणवतं. पहिल्या सत्रानंतर मी चेंडू बघायचं सोडून दिलं. नुसत्या फटी बघत बसलो. एक, दोन, तीन, प्रत्येकात माणूस. मुलगा विचारत होता, “बाबा, काय मोजताय?” शेवटच्या सत्रात टेक बरंच पुढे होतं, थंडी झोंबत होती, तरी गर्दी घरी जाईना. सगळ्यांना फलकावरचं ते शून्य शेवटपर्यंत बघायचं होतं. २८-०. सलग दोन सामन्यांत समोरच्यांना एकही गुण नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. सहा दिवसांनी व्हर्जिनिया विद्यापीठाने ३९-३० असं हरवलं. त्यांच्याविरुद्धची पंधरा वर्षांची विजयमालिका तुटली. ३१ डिसेंबरला शार्लटमध्ये फॉस्टर यांचा अखेरचा सामना केंटकीशी झाला. १५ सेकंद उरले असताना केंटकीने टचडाउन केला आणि टेक ३७-३० असं हरलं. ३३ हंगाम, आणि शेवट असा. त्या रात्री मी टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीला घेऊन मी एका जुन्या पुलाखाली गेलो. तिने वर हात करून स्लॅबवर हातोडी मारायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण. चांगलं काँक्रीट असंच वाजतं. दहा-बारा पावलांवर आवाज बदलला, बोदा आला. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मारून खात्री केली. मी डबा उघडून खडू तिच्या हातात दिला. तिने त्या जागेभोवती गोल काढला आणि वहीत सही केली.